शिळ्या पॅकेजची वर्दी

आर्च लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या माणसाला सकाळी 'पॅकमन', म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा तिचा प्रोग्राम, चालवून यंत्र अद्ययावत केल्याशिवाय चहा गोड लागत नाही. २००२ साली निघालेल्या या लिनक्सला क्रमांकाच्या आवृत्त्या नाहीतच. ते 'रोलिंग', म्हणजे कायम सरकत राहणारं. मूळ लेखकांनी आज सोडलेलं सॉफ्टवेअर बरेचदा चार-दोन दिवसांत आपल्या यंत्रात येतं. याची इतकी चटक लागते की महिन्यापूर्वीची आवृत्ती दिसली की ती पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यावीशी वाटते.

बरं, हे सगळं फुकट. पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार अशा सॉफ्टवेअरच्या पुड्या, बांधणारे स्वयंसेवक, जगभर विखुरलेले, नोकरी-संसार सांभाळून रात्री हे काम करणारे. त्यांना टोकायचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. ती जाणीव ठेवूनच मी टोकतो.

तशी सोयच आहे. आर्चच्या संकेतस्थळावर पॅकेजच्या पानावर 'कालबाह्य' अशी खूण करायचा दुवा असतो. आपला ईमेल द्यायचा, चार शब्द लिहायचे, की पानावर लाल अक्षरांत तारखेसकट नोंद होते. खरा छळ त्या चार शब्दांचा. परवा पीडीएफ वाचायच्या एका प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, म्हणून लिहायला बसलो. 'नवी आवृत्ती आली आहे' एवढंच लिहिलं, तर वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहिल्यासारखं वाटलं. 'आपल्या निःस्वार्थ सेवेबद्दल नितांत आदर बाळगून' अशी सुरुवात केली, तर पुढे शाल-श्रीफळ देणंच बाकी राहिलं. बायको मागून डोकावली.

"अरे, आत्ताचं उघडत नाहीये का?"

"उघडतंय की."

"मग नव्यात काय आहे?"

"बल्गेरियन भाषांतर सुधारलंय."

ती काही न बोलता आत गेली. मी नव्या आवृत्तीच्या घोषणेचा दुवा चिकटवला, खाली आभार मानले आणि पाठवण्याआधी नियम वाचले. पॅकेज बिघडलंय म्हणून ही खूण करायची नाही. तो बग, त्याची खिडकी वेगळी. नुसती बीटा, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, आली असेल तरी नाही. नवी आवृत्ती 'टेस्टिंग' या आर्चच्या चाचणीच्या भांडारात पोचली असेल तरी नाही. सगळ्या चाळण्यांतून पार पडून पानावर परतलो, तर लाल अक्षरं आधीच उमटलेली. कोणीतरी माझ्याआधी हात धुऊन घेतला होता.

याच आर्चमध्ये वापरकर्त्यांनी चालवलेलं 'एयूआर' नावाचं भांडार आहे. तिथं दोन-तीन किरकोळ पॅकेजं माझ्याही नावावर आहेत. त्यातल्या एकाच्या नावाअखेरीस 'गिट' आहे. गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं साधन; असलं पॅकेज बांधताना त्यातून ताजा कोडच ओढून घेतं. पानावरचा आकडा हा मी शेवटचा हात लावला त्या दिवसाचा. जुना आकडा दिसला म्हणून असल्या पॅकेजवर खूण करू नये, असं स्पष्ट लिहून ठेवलेलं आहे. तरी कोणी ना कोणी दक्ष नागरिक वर्दी देतोच. ईमेल आला की मी भर ऑफिसात पुटपुटतो, "एवढी घाई आहे तर स्वतः बांध की!" बांधणीच्या फाइलीत आवृत्तीचा आकडा आणि चेकसम, म्हणजे फाइल पडताळायचा आकडा, बदलला की काम झालं, असं बाहेरून वाटतं. पण नव्या आवृत्तीला नवी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, लागते, ती तिसऱ्यालाच खटकते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मोठी आवृत्ती तर दर ऑक्टोबरात येते, आणि तिच्यापायी पायथनची पॅकेजंच्या पॅकेजं नव्यानं बांधावी लागतात. तोवर ती लाल अक्षरं निमूट सोसायची.

गेल्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या एका पॅकेजवर वर्दी आली. संदेश आटोपशीर: नवी आवृत्ती, खाली दुवा, आभार. दुवा उघडला तर घोषणा जेमतेम पाच मिनिटांपूर्वीची. इतक्या तत्परतेनं माझ्यावर पाळत ठेवणारा हा गृहस्थ कोण, म्हणून नाव पाहिलं. त्या प्रोग्रामचा मूळ लेखकच होता.