‘८११ माणसांमागे एक डॉक्टर’ : मामांना आलेल्या मेसेजला उत्तर

मामांनी गेल्या महिन्यात एक निवेदन लिहायला घेतलं होतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा भरा, एवढीच मागणी. गावातून सह्या गोळा करायच्या आणि आमदारांना द्यायचं. परवा फोन केला तर म्हणाले, “राहू दे आता ते. डॉक्टर तर गरजेपेक्षा जास्त झालेत म्हणे. संसदेत सांगितलंय.” आणि त्यांनी मला मेसेज पाठवला. तो असा:

“संसदेत आरोग्यावरच्या चर्चेत सिद्ध झालं! जागतिक आरोग्य संघटनेचा निकष हजार माणसांमागे एक डॉक्टर. भारतात ८११ माणसांमागे एक! दहा वर्षांत मेडिकल कॉलेजं दुप्पट. आणि आरोग्य हा राज्यांचा विषय, केंद्राला विचारायचं कारण नाही. आता तरी रडगाणं थांबवा. अभिमान असेल तर पुढे पाठवा.”

आजवर असे मेसेज मी वाचून सोडून दिले. पण या मेसेजमुळे एका माणसाने हातातलं निवेदन बाजूला ठेवलं, आणि तेही कुणी? गेल्या पावसाळ्यात ज्यांनी स्वतःच्या सुनेला त्याच ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं, त्यांनी. रात्री अकराचा सुमार होता. डॉक्टर जागेवर होते, नर्स होत्या, ऑपरेशनची खोलीही होती. बाळाचे ठोके कमी होत होते, सिझर करायला हवं होतं आणि भूल द्यायला कोणी नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून जिल्ह्याला रेफर केलं. १०८ च्या गाडीत साठेक किलोमीटर मामा सलाईनची बाटली हातात उंच धरून बसले होते. एका हाताने गाडीची दांडी, दुसऱ्यात बाटली. दोघं सुखरूप आहेत, पण ती रात्र मामा विसरलेले नाहीत. म्हणूनच निवेदन लिहायला बसले होते.

म्हणून हा मेसेज नीट तपासायला घेतला.

आधी ‘चर्चेत सिद्ध झालं’ हे. ८११ चा आकडा खासदारांच्या प्रश्नांना आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या लेखी उत्तरांत आहे. संसदेत प्रश्न दोन तऱ्हेचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर खासदार उपप्रश्न विचारू शकतात. लोकसभेत असे प्रश्न दिवसाला जास्तीत जास्त वीस. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत. त्यांची उत्तरं छापील स्वरूपात सभापटलावर येतात आणि विषय तिथेच संपतो. छापील उत्तरावर कोणी उठून “हा आकडा कसा काढला?” असं विचारू शकत नाही. त्यामुळे लेखी उत्तरात आकडा आला म्हणजे मेसेज म्हणतो तसं सभागृहात काही सिद्ध झालं, असं होत नाही.

आता खुद्द ८११. सगळा मेसेज याच एका आकड्यावर उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू या. हा आकडा सरकारने लपूनछपून काढलेला नाही. कसा काढला ते त्याच उत्तरात लिहिलेलं आहे. मेसेज बनवणाऱ्याने तेवढं वाक्य गाळलं. नोंदणी झालेले ॲलोपॅथीचे डॉक्टर सुमारे १३.८६ लाख. आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी वगैरे मिळून, सुमारे ७.५१ लाख. यातले ८० टक्के उपलब्ध आहेत असं गृहीत धरून हे प्रमाण काढलं आहे.

मामा एसटीत कंडक्टर होते. वेबिलातली, म्हणजे हिशेबाच्या कागदावरची, तिकिटं आणि पिशवीतली रोकड जुळली नाही तर त्यांना झोप लागायची नाही. म्हणून मी फोनवरच म्हटलं, “मामा, पेन घ्या.” दोन्हींची बेरीज २१.३७ लाख. त्याचे ८० टक्के साधारण १७.१ लाख. त्याला ८११ ने गुणलं की १३८ कोटींच्या वर येतात. म्हणजे लोकसंख्या तेवढी धरली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने तर २०२३ मध्येच आपण १४२ कोटींच्या पुढे गेलो. तरी सोडा, १३८ च धरू. आता आयुष बाजूला ठेवा. १३.८६ लाखांचे ८० टक्के ११ लाखांच्या जरा वर. भागाकार करा. मामांनी केला आणि म्हणाले, “साडेबाराशेला एक येतोय.” १४२ कोटी धरले तर १२८० ला एक. म्हणजे सरकारचेच आकडे आणि सरकारचीच ८० टक्क्यांची अट घेतली, तरी ॲलोपॅथीपुरता मेसेजमधला निकष पूर्ण होत नाही.

आयुषच्या डॉक्टरांना मी कमी लेखत नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भार बीएएमएस डॉक्टर वाहतात. आमच्या केंद्रात साप चावलेल्याला पहिलं इंजेक्शन देणाऱ्या त्याच बाई आहेत. पण सुनेला त्या रात्री हवा होता भूल देणारा. तिथे होमिओपॅथीचे दहा डॉक्टर उभे असते, तरी गाडी साठ किलोमीटर धावलीच असती. कुठला डॉक्टर, कुठल्या गावात, किती वाजता हे न बघता सगळ्यांची बेरीज केली तर तिचा रुग्णाला काय उपयोग?

शिवाय ८० टक्के हे मोजलेले नाहीत, धरलेले आहेत. वैद्यकीय परिषदेच्या वहीत नाव चढलं की वर्षानुवर्षं ते तसंच राहत आलं. कोणी परदेशी गेलं, कोणी प्रॅक्टिस सोडली, कोणी वारलं, कोणाची दोन राज्यांत नोंद आहे. हे सगळं ताजं ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही असावी म्हणून नॅशनल मेडिकल कमिशनचं पोर्टल सुरू झालं ते ऑगस्ट २०२४ मध्ये.

आणि तो ‘निकष’. हजारी एक डॉक्टर असा नियम जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेला नाही. वर्षानुवर्षं सगळेच तो सांगत आलेत. संघटनेने २०१६ च्या धोरणात जो उंबरठा मांडला, तो दहा हजार लोकांमागे डॉक्टर, नर्स आणि सुईणी मिळून ४४.५ असा आहे. त्यात नर्सही मोजल्या जातात, आणि ते रास्तच आहे. त्या रात्री सुनेच्या बाळाचे ठोके मोजले ते एका नर्सनेच.

खेड्यांत काय स्थिती आहे, हेही सरकारच्याच कागदात आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२१-२२ ची ग्रामीण आरोग्य सांख्यिकी बघा. आपल्याकडे ज्यांना ग्रामीण रुग्णालय म्हणतात, त्या दर्जाच्या देशभरातल्या ग्रामीण भागातल्या केंद्रांत चार प्रकारचे तज्ज्ञ लागतात. गरजेच्या तुलनेत सर्जन ८३.२ टक्के कमी, बालरोगतज्ज्ञ ८१.६ टक्के, फिजिशियन ७९.१ टक्के, स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के. मिळून जवळपास ८० टक्के. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या. आणि या चौघांत भूलतज्ज्ञ धरलेलाच नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

कॉलेजं दुप्पट झाली हे मात्र खरं आहे, मान्य करायलाच हवं. २०१४ आधी ३८७ होती, आता साडेसातशेच्या वर आहेत. एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांवरून एक लाख पंधरा हजारांच्या पुढे गेल्या. चांगलं झालं. पण आज प्रवेश घेणारी मुलगी साडेचार वर्षं शिकणार, एक वर्ष इंटर्नशिप करणार, मग जागा मिळाली तर तीन वर्षं एमडी. म्हणजे एमडी भूलतज्ज्ञ व्हायला किमान साडेआठ वर्षं. आणि झाल्यावर ती आमच्या तालुक्याला येईल, यासाठी घर, पगार, हाताखाली माणसं यांतलं काय तयार आहे? त्यावर मेसेजमध्ये एक शब्द नाही.

राहिलं ‘राज्यांचा विषय’. रुग्णालयं राज्यसूचीत आहेत, बरोबर. पण वैद्यकीय शिक्षण आणि वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, आहेत, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के पैसे असतात. सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेऊ, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात केंद्रानेच लिहिलं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के आहे. हे केंद्राला विचारायचं नाही तर कोणाला विचारायचं? मामांना मी सांगितलं, निवेदनाची एक प्रत खासदारांनाही द्या. तारांकित प्रश्न लावा म्हणावं.

काल रात्री मामांनी निवेदनाचा नवा कागद फोटो काढून पाठवला. पट्टीने वेबिलासारख्या रेघा मारल्या आहेत. मंजूर पदं किती, भरलेली किती, महिन्यातून प्रत्यक्ष हजर किती दिवस. खाली एक ओळ: गेल्या वर्षभरात भूल द्यायला कोणी नाही म्हणून किती बाळंतिणींना जिल्ह्याला पाठवलं, त्याची संख्या द्यावी. पहिली सही सुनेची आहे.