सहा सेकंद

सकाळपासून डोकं फिरलंय. एका ग्रुपवर निवडणुकीच्या डिबेटची क्लिप आलीये. उमेदवाराला प्रश्न विचारतात, तो खाली बघतो, आकडा आठवत असावा, आणि तेवढ्यात स्क्रीनभर ‘बोलती बंद’, मागे घड्याळाची टिकटिक, हसण्याचे आवाज. नंतर तो काय बोलला? कळायला मार्ग नाही, क्लिप तिथेच कापलीये. खाली हसरे इमोजी टाकणाऱ्यांत तुमच्यातले बरेच जण आहात, आणि तुम्ही एरवी शहाणी माणसं आहात म्हणूनच एवढं लिहायला बसले.

मी अशी क्लिप बनवलीये. म्हणजे बनवायला हात लावलाय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, एका चॅनलमध्ये माझी पहिली नोकरी. पाहुण्यांना लेपल, म्हणजे शर्टाला अडकवायचा छोटा माइक, लावायचा, पाणी द्यायचं आणि शो संपला की टाइमकोड, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये काय कुठे आलं त्या वेळा, लिहून एडिटरकडे द्यायचे, एवढंच काम. निवडणुकीच्या दिवसांत एक वयस्कर उमेदवार आले, रिटायर्ड शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणायचे. हातात जाडजूड फाईल, पानापानाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या. फ्लोअर मॅनेजर म्हणाला, सर ती बाहेर ठेवा, कागदाचा आवाज माइकमध्ये येतो. त्यांनी मुकाट्याने माझ्या हातात दिली. मग अँकरने विचारलं, एवढी आश्वासनं देताय, पैसा कुठून आणणार, दहा सेकंदांत सांगा. सर गप्प. टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या कानातल्या हेडफोनवर, प्रोड्यूसर ओरडतोय, डेड एअर जातोय, नुसती शांतता जातेय, पुढच्याकडे जा, पुढच्याकडे जा. अँकर गेला. सहा सेकंद होती ती. मला पक्की माहितीयेत कारण कागदावर मीच लिहिली.

लोक म्हणतात हे सगळं मोबाइलने केलं. अजिबात नाही, हे टीव्हीने केलं आणि फार आधी केलं. १९५२ साली अमेरिकेत अध्यक्षपदाचे उमेदवार जनरल आयझेनहॉवर यांच्या टीव्हीसाठी जाहिराती केल्या, सामान्य माणूस प्रश्न विचारतो आणि जनरल उत्तर देतात, वीस-वीस सेकंदांच्या. ऐका आता, त्यात उत्तरं आधी शूट केली होती! एका दिवसात स्टुडिओत बसवून सगळी उत्तरं उरकली आणि मग न्यूयॉर्कमध्ये फिरायला आलेल्या लोकांना पकडून त्यांच्याकडून प्रश्न वाचून घेतले. प्रश्न ऐकायचीच गरज नाही मग विचार कशाला करायचा. आणि समोर विरोधी उमेदवार स्टीव्हन्सन, तो बिचारा अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणं करायचा, वेळ संपायची आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला कापायचे. हरला. आयझेनहॉवर युद्ध जिंकून आलेला माणूस, जाहिरातींशिवायही निवडून आला असता, हे मान्य. पण प्रचार करणाऱ्यांनी धडा काय घेतला ते बघा.

१९६० ची केनेडी-निक्सन डिबेट सगळ्यांना माहितीये, २६ सप्टेंबर, साधारण सात कोटी लोकांनी बघितली. निक्सन गुडघ्याच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये राहून आलेला, वजन उतरलेलं, फिका सूट, धड मेकअप नाही. त्याचा घाम सगळ्यांच्या लक्षात आहे, दोघं बोलले काय ते दहातल्या एकालाही सांगता येणार नाही. विचारून बघा कोणालाही.

त्यानंतर १६ वर्षं अध्यक्षपदाच्या उमेदवारांची डिबेटच झाली नाही. १९७६ ला झाली, फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर, आणि मध्येच आवाज गेला. २७ मिनिटं. दोघं आपापल्या पोडियमपाशी उभे. बसले नाहीत, एकमेकांशी बोलले नाहीत, नुसते उभे, कारण कॅमेरा चालू होता. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा पोटात कालवतं. दोन मोठी माणसं, देश चालवायला निघालेली, आणि चार चौघांसारखं खुर्चीत बसायची भीती वाटते. आवाज नव्हता, चित्र जात होतं ना!

आणि सर सहा सेकंद गप्प बसले तर ते नालायक.

त्या केनेडीचा धाकटा भाऊ टेड, त्याला १९७९ मध्ये मुलाखतीत विचारलं, अध्यक्ष का व्हायचंय. तो अडखळला. आजही त्याचं नाव निघालं की ते अडखळणं निघतं. ठीक आहे, एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर तयार हवं होतं, तेवढं मी मानते. पण स्टॉकडेलचं काय? व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून जास्त कैदेत छळ सोसलेला माणूस, १९९२ ला उपाध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये कानाचं मशीन बंद राहिलं म्हणून प्रश्न परत विचारा म्हणाला, तर लोक हसले. त्या माणसाला हसले! असो. मी चिडून लिहितेय, कळतंय मला.

टीव्हीने काही चांगलं केलंच नाही असं नाही, ज्यांना सभेला जाता येत नाही त्यांना घरात बसून नेता दिसला, खोटं बोलताना त्याचा चेहराही दिसला. मान्य. पण त्याच टीव्हीवर अमेरिकेत १९६८ ला बातम्यांमध्ये उमेदवाराचं सलग बोलणं सरासरी ४२ सेकंद दाखवायचे, १९८८ ला ते दहाच्या आत आलं. दहा सेकंदांत पैसा कुठून आणणार ते तुम्ही सांगून दाखवा. घरखर्चाचं सांगा, देशाचं राहू द्या. ज्याला खरंच उत्तर माहीत असतं तो थांबतो हो, कारण त्याला त्यातल्या अडचणी पण माहीत असतात. न थांबता बोलतो तो पाठ करून आलेला असतो. आम्ही स्टुडिओत रोज बघायचो, त्या दिवशी सरांच्या शेजारी बसलेला उमेदवार मेकअपरूममध्ये तेच वाक्य तीनदा म्हणून बघत होता, तिसऱ्यांदा टेबलावर हात आपटून. शोमध्ये बरोबर तसाच आपटला. प्रोमोत तो हात आणि त्याच्यामागे सरांची सहा सेकंद, टिकटिक घालून. दिवसभर चालला तो प्रोमो.

शो संपल्यावर मी लेपल काढायला गेले. माइक बंद झालेला होता आणि सर त्याच प्रश्नाचं उत्तर देत होते. मला. म्हणाले, बाळ, त्यांनी विचारलं ते बरोबर होतं, सगळ्याला पैसा पुरणार नाही, पण पहिल्या वर्षी दोन गोष्टी होतात, थांब, फाईल दे, पान दाखवतो. मी फाईल दिली. ते चिठ्ठ्या उलटत पान शोधत होते आणि टॉकबॅकवर मला पुढच्या पाहुण्यासाठी बोलावत होते. मी त्यांच्या शर्टाची क्लिप सोडवली, वायर गुंडाळली आणि हो सर, हो सर म्हणत निघाले. त्या दोन गोष्टी कुठल्या ते मी ऐकलं नाही.