बोरघाट उतरवलात, म्हणून बर्फ सोपा होत नाही

नोव्हेंबर लागला की टोरोंटो-मिसिसागाच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरू लागतो : 'ज्यानं भर पावसात बोरघाट उतरवलाय, त्याला कॅनडाच्या बर्फाची कसली भीती!' खाली टिपा. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) गाडी घ्या आणि विंटर टायरचे पैसे वाचवा, ब्रेक पंप करत, म्हणजे दाबत-सोडत दाबा, घसरलात तर हँडब्रेक ओढा, टायरची हवा थोडी कमी ठेवा, काचेवर गरम पाणी ओता. नुकतंच जी-टू, म्हणजे इथल्या ऑन्टारियो प्रांतातलं नवख्यांचं, लायसन्स हाती पडलेली मंडळी हे सगळं भक्तिभावानं पुढे ढकलतात.

आधी घाटाचं. पावसात घाट उतरवणाऱ्याला अंतर राखायची आणि गिअरवर गाडी रोखायची सवय असते, हे खरंच. पण ओल्या डांबरावर टायरला बरीच पकड मिळते. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण १५ मीटरमध्ये थांबते, ओल्यावर त्याहून काही मीटर पुढे. गुळगुळीत गोठलेल्या थरावर हेच अंतर शंभर मीटरच्या घरात जातं. वेग ३० वर आणलात तर तिथेही ३५ मीटरच्या आसपास काम होतं. घाटातल्या अनुभवानं हे गणित बदलत नाही, वेग कमी केल्यानं बदलतं.

शिवाय घाटातलं पाणी दिसतं. इथला ब्लॅक आइस, म्हणजे रस्त्यावर गोठलेला पातळ थर, दिसत नाही, कारण तो पारदर्शक असतो आणि खालचं डांबरच डोळ्यांना दिसतं. पारा उणे वीसला गेला की नवे लोक घाबरतात आणि शून्याच्या आसपास निर्धास्त होतात. खरं तर उलटं हवं. शून्याजवळच्या बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून तोच सर्वांत निसरडा. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून-खालून दोन्हीकडून वारा लागतो. एक खूण लक्षात ठेवा : रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा. ब्रेक नाही, स्टिअरिंगला झटका नाही. आणि मीठ टाकलंय म्हणून निश्चिंत राहू नका. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हवर मात्र जरा रागानंच लिहितो. ती गाडी सिग्नलवरून झोकात निघते, चढही चढते. पण थांबताना? ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना लागतात. थांबवतं ते टायरचं रबर, आणि ऑल-सीझन (बारमाही) टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. चांगली निघणारी आणि वाईट थांबणारी गाडी नवख्याला फाजील आत्मविश्वास देते. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. ऑन्टारियोत तशी सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावीच लागते. एजंटला विचारा. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे का बघा, आणि चारही बदला. दोनच बदलले तर एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं.

ब्रेक पंप करणं हा एबीएस (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाड्यांचा सल्ला. आता एबीएस ते काम सेकंदाला अनेकदा करतं. पेडल थरथरलं, घरघर झाली, तरी पाय दाबूनच ठेवायचा. मऊ बर्फात एबीएसनं अंतर थोडं वाढूही शकतं, पण स्टिअरिंग तुमच्या ताब्यात राहतं.

हँडब्रेकची टीप सर्वांत घातक. बहुतेक गाड्यांत तो मागची चाकं जाम करतो, आणि गाडी गरकन फिरते. मागचा भाग सरकला तर पेडलवरून पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग तिकडे हळूच वळवा. स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नसेल तर ते आणखी पिळू नका; थोडं सरळ करा, पकड परत येऊ द्या.

टायरची हवा? थंडीत ती आपोआप उतरते, दर साडेपाच अंशांना सुमारे १ पीएसआय. आणखी काय काढणार? दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब ठेवा, आणि तो गाडी थंड असताना मोजा. गरम पाण्यानं काच तडकते, न तडकल्यास ते पाणी तिथेच गोठतं. स्क्रेपर दोन-चार डॉलरना मिळतो.

मेसेजमध्ये नसलेलं एकच सांगतो. गाडी बर्फात रुतली आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवणार असाल, तर आधी उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा करा. तो बर्फानं बुजला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, आणि त्याला वास नसतो.