किराण्याच्या पिशवीची भीती : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

टाळेबंदीच्या काळात मराठवाड्यातल्या बहुतेक मोबाइलवर येऊन गेलेला एक संदेश रुग्णवाढीची बातमी आली की अजूनही पुन्हा फिरू लागतो. त्याचे शब्द गावागणिक थोडे बदलतात, गाभा मात्र तोच राहतो. कोरोना घरात येतो तो किराण्याच्या पिशवीतून. विषाणू प्लास्टिकवर नऊ दिवस जिवंत राहतो. म्हणून आणलेले सामान तीन दिवस उन्हात ठेवावे आणि भाजी साबणाने किंवा जंतुनाशकाने धुवावी. दुकाने केव्हाही बंद होतील, तेव्हा तीन महिन्यांचे सामान एकदम भरावे. ठरावीक धर्माच्या फेरीवाल्यांकडून काही घेऊ नये. आणि एवढे सांगूनही जो दुकानात जातो तो घरच्यांच्या जिवाशी खेळतो. मार्च २०२० मध्ये हे वाचून घाबरलेल्यांना हसण्याचे कारण नाही, कारण तेव्हा डॉक्टरांनाही विषाणूची पुरती ओळख झालेली नव्हती. पण आज पुरेशी माहिती हाताशी असताना तोच मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला जातो, तेव्हा त्यातला एकेक दावा तपासणे आवश्यक ठरते.

नऊ दिवसांचा आकडा कुठून आला, हे आधी पाहू. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात कोरोना कुळातल्या जुन्या विषाणूंवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला होता आणि त्यात, धातू, काच किंवा प्लास्टिकवर ते जास्तीत जास्त नऊ दिवस टिकल्याची नोंद होती. हे जुने विषाणू म्हणजे सार्स, मर्स आणि त्यांची भावंडे होत. नव्या विषाणूवरचे प्रयोग त्या आढाव्यात नव्हतेच. नव्या विषाणूची चाचणी अमेरिकी शास्त्रज्ञांनी केली व ती १७ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. तीत तो प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत आढळला, पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर जिवंत विषाणू मिळाला नाही आणि तांब्यावर तर चार तासांनंतरच मिळाला नाही. संदेशात ७२ तास कधीकधी येतात, पण त्याच प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट गळून पडते. प्लास्टिकवरचा विषाणू सुमारे दर सात तासांनी निम्मा होत होता. म्हणजे एका दिवसात तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो आणि तिसऱ्या दिवसाअखेर मूळ प्रमाणाचा हजारातला एखादा अंश. 'आढळला' आणि 'आजार होण्याइतका उरला' यांत जे अंतर आहे, त्या अंतरातच हा सगळा घबराटीचा बाजार भरला.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाने २८ दिवसांचा आकडा दिला आणि संदेशाला नवे बळ मिळाले. तो प्रयोग अंधारात आणि २० अंश तापमानात केलेला होता, हे मात्र पुढे पाठवणाऱ्यांनी वगळले. त्याच प्रयोगात ४० अंशांवर ४८ तासांनंतर कोणत्याही पृष्ठभागावर जिवंत विषाणू सापडला नव्हता. परभणी किंवा नांदेडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना या दोन तापमानांतला फरक वेगळा सांगायला नको. (उन्हाळ्यामुळे साथच थांबेल, असा उलट दावाही त्या दिवसांत फिरत होता. तोही खोटाच ठरला, कारण माणसामाणसांतून होणारा प्रसार उन्हासाठी थांबत नाही.)

पाकिटावरून आजार व्हायचा तर रुग्णाच्या नाकातोंडातून बाहेर पडलेला पुरेसा विषाणू त्या पाकिटावर पडावा लागतो, वाटेत आणि दुकानात टिकावा लागतो, मग हाताला लागून त्याच हाताने नाकाडोळ्यांपर्यंत पोचावा लागतो. यातल्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण घटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असते. ही शक्यता शून्य नाही, म्हणून बाहेरून आल्यावर हात धुण्याचा सल्ला कायम राहिला आणि तो योग्यच आहे. पण संदेश हात धुण्याबद्दल फारसे बोलत नाही. तो पिशवीबद्दल बोलतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. बाजारांमुळे साथ पसरली, हे तर आपण पाहिलेच आहे! चेन्नईच्या कोयंबेडू भाजीबाजाराशी संबंधित दोन हजारांहून अधिक रुग्ण निघाले, आणि नवी मुंबईतील वाशीचा घाऊक बाजार मे २०२० मध्ये आठवडाभर बंद ठेवावा लागला. परंतु या उदाहरणांतून संदेशाच्या नेमके उलट निष्पन्न होते. कोयंबेडूचा आजार ज्यांच्याबरोबर गावोगाव गेला ते होते हमाल, व्यापारी, मजूर आणि वाहनचालक. म्हणजे तासन्‌तास एकमेकांना खेटून काम करणारी, एकाच जागी बसून जेवणारी, एकाच वाहनातून परतणारी माणसे. धोका त्या गर्दीच्या श्वासात होता. दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या जागेत हवेतून संसर्ग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये स्पष्टपणे नोंदवले. तसे पाहिले तर मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, अरुंद गाळ्यात मास्क हनुवटीवर उतरवून यादी वाचून दाखवणाऱ्या गिऱ्हाइकाची चिंता अधिक करायला हवी होती. घरी येऊन तेलाचे पाकीट पुसण्यात अर्धा तास घालवणाऱ्या याच गिऱ्हाइकाला सगळी खबरदारी घेतल्याचे समाधान मात्र त्या पुसण्यातून मिळत होते.

भाजी साबणाने धुण्याचा सल्ला निरुपयोगी तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. मेथी, पालक, कोथिंबीर यांच्या पानांच्या घड्यांत साबण अडकून राहतो आणि तो पोटात गेला की मळमळ, जुलाब होऊ शकतात. फरशीसाठीचे जंतुनाशक तर खाण्याच्या वस्तूला लावण्यासाठी नसतेच. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्येच सांगितले होते की भाज्या-फळे पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने धुवावीत, हवे तर कोमट पाण्यात किंवा ठरवून दिलेल्या सौम्य प्रमाणातल्या क्लोरीनच्या पाण्यात बुडवावीत, पण त्यांवर साबण अथवा जंतुनाशक वापरू नये. हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नव्हता. मे २०२० मधल्या एका अमेरिकी पाहणीत, उत्तर देणाऱ्यांपैकी १९ टक्के लोकांनी खाद्यपदार्थ ब्लीचने धुतल्याचे सांगितले होते. राहता राहिले तीन दिवसांचे ऊन. डाळ-तांदळाला त्याने काही होणार नाही, पण तेल खवट होऊ लागते, दूध फाटते, आणि कोथिंबिरीचे काय होते ते कुणीही सांगेल.

तीन महिन्यांचे सामान एकदम भरण्याच्या सल्ल्याने सर्वांत जास्त नुकसान केले असे माझे मत आहे, म्हणून त्याकडे जरा सविस्तर पाहतो. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. त्याच दिवशीच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात रेशन, किराणा, दूध, भाजी, फळे यांची दुकाने वगळलेली होती. पण किराणा कुठून आणि कसा मिळेल, हा घरोघरचा प्रश्न भाषणात उलगडला गेला नाही आणि लोक रात्रीच दुकानांकडे धावले. देशात धान्याचा तुटवडा होता का? सरकारी गोदामांत तेव्हा साडेपाच कोटी टनांहून अधिक गहू-तांदूळ होता. १ एप्रिलला किमान जेवढा साठा ठेवायचा दंडक आहे, तो सुमारे २ कोटी १० लाख टनांचा. टंचाई भासली ती मालमोटारी हद्दींवर अडकल्या, हमाल गावी निघून गेले आणि दुकानदाराकडचा आठवड्याचा माल एका संध्याकाळी संपला म्हणून. म्हणजे संदेशाने ज्या टंचाईचे भय घातले, तिला साठा करणाऱ्यांच्याच झुंबडीने हातभार लावला.

दुकाने बंद होतील ही भीती अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तेव्हाच्या औरंगाबाद शहरात १० ते १८ जुलै २०२० या काळात जी कडक टाळेबंदी झाली, तीत किराणा दुकानेही बंद होती. पण त्यामुळे आदल्या दिवशी बाजारात जी गर्दी उसळली, ती पाहता प्रशासनाने नऊ दिवस माणसे घरात ठेवण्यासाठी एक दिवस त्यांना एकमेकांच्या अंगावर लोटले, असे म्हणावे लागते. ही गर्दी टाळण्याचा उपाय पुरेशी आगाऊ सूचना आणि वॉर्डनिहाय विक्री हा होता. त्या गर्दीत आणखी चार पिशव्या घेऊन शिरण्याच्या उपदेशाने ती वाढतच होती.

येथे मराठवाड्याच्या एका रीतीचा उल्लेख करायला हवा, कारण संदेशाचे समर्थक तिचा दाखला देतात. आपल्याकडे वर्षाचे धान्य भरून ठेवतात, मग तीन महिन्यांचे भरले तर काय बिघडले, असे ते विचारतात. रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते, त्याआधी तूर येऊन गेलेली असते. ती वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली जाते. ही साठवण सुगीच्या वेळी, माल मुबलक असताना, बहुतेकदा थेट शेतकऱ्याकडून किंवा आडतीवरून होते आणि तिने कुणाच्या दुकानातले फळकूट रिकामे होत नाही. संदेशातल्या साठ्यात साखर, तेल, बिस्किटे, साबण अशा पाकीटबंद वस्तू असतात आणि त्या शेजाऱ्याच्या आधी उचलायच्या असतात. ज्या घरात कोठी भरलेली होती त्या घराला २०२० मध्ये दुकानाची वारी कमी करता आली, हे खरे आहे. पण ती कोठी संदेश वाचून रात्रीतून भरलेली नव्हती.

ठरावीक फेरीवाल्यांकडून भाजी घेऊ नका, या ओळीला लांबलचक उत्तराची गरज नाही. विषाणू हातगाड्यावाल्याचा धर्म पाहत नाही. संदर्भ तोडून फिरवलेल्या चित्रफितींमुळे ऐन टाळेबंदीत अनेकांची रोजी बुडाली आणि मोकळ्या हवेत दारापुढे भाजी विकणारा, म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने बंदिस्त दुकानापेक्षा बरा पर्याय, लोकांनी स्वतःहून गमावला.

आता शेवटचा ठपका, की दुकानात जाणारा माणूस बेफिकीर असतो. हे वाक्य ज्याच्या घरात महिन्याचा पगार खात्यावर येतो त्यालाच सुचू शकते. रोजच्या मजुरीवर पाव किलो तेल आणणाऱ्या घराला एका फेरीत तीन महिन्यांचे सामान आणणे परवडत नाही, म्हणून त्याच्या फेऱ्या वाढतात. केंद्राने २६ मार्चला माणशी महिन्याला पाच किलो मोफत धान्य जाहीर केले आणि राज्य सरकारने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली, ती याच घरांसाठी. हे धान्य आणि ही थाळी घ्यायलाही बाहेर पडून रांगेत उभेच राहावे लागत होते. बीडकडचे ऊसतोड कामगार तर तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या परिसरातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकून पडले होते. सव्वा लाखाहून अधिक कामगारांना घरी परतण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. परक्या गावात, हाती रोकड नसताना, ओळखीचा दुकानदार नसताना पीठमीठ मिळवायला बाहेर पडणाऱ्या त्या माणसांना हा संदेश बेफिकीर ठरवत होता. त्यांना गरज होती ती दुकान किती वाजता उघडते, रांग कुठे लागते आणि उधार मिळेल का, एवढ्या माहितीची, आणि ती त्या संदेशात कुठेही नव्हती.