बायकांची रेसलिंग डब्ल्यूडब्ल्यूईने जन्माला घातली? छे!

रेसलिंगच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. त्याचं सार असं: बायकांची रेसलिंग डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन रेसलिंग कंपनीने २०१५ साली सुरू केली. त्याआधीच्या मुली शोभेपुरत्या होत्या, कारण त्यांना काही येतच नव्हतं. आजही त्यांना पुरुषांसारखं आपटून घ्यावं लागत नाही, त्यांच्या नावावर तिकीट खपत नाही, आणि एवढं असूनही बरोबरीचा दर्जा मिळालाय, मग रडगाणं कशाला?

निकाल आधी ठरलेला असतो हे हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे ‘सगळं खोटंच तर आहे’ हा फाटा इथे नको.

“२०१५च्या आधी काही नव्हतं.”

मिल्ड्रेड बर्क १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या जत्रांमध्ये पुरुषांशी कुस्त्या लढायची आणि पुढे महिलांची जगज्जेती झाली. २० ऑगस्ट १९५४ला अटलांटात जून बायर्सविरुद्ध झालेली तिची लढत तर निकाल ठरवून केलेलीही नव्हती. बर्कचा घटस्फोटित नवरा बिली वुल्फ याच्या हातात महिलांच्या लढतींचं बहुतेक बुकिंग होतं आणि बायर्स त्याची सून. पहिला फॉल, म्हणजे लढतीची पहिली फेरी, बायर्सने घेतला. दुसरा निकाली लागेना, म्हणून अधिकाऱ्यांनी लढत थांबवली. त्यानंतर बायर्स विजेती म्हणून मिरवू लागली. बर्क त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यावर गेली. १९६८मध्ये सुरू झालेल्या ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंगचा सर्वोच्च किताब, तो प्रसिद्ध लाल पट्टा, बर्कच्याच संघटनेच्या नावाचा होता.

न्यूयॉर्कमध्ये मात्र महिलांच्या लढतींवर १९७२पर्यंत बंदी होती. ती उठल्यावर १ जुलै १९७२ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फॅब्युलस मूला आणि व्हिकी विल्यम्स उतरल्या. म्हणजे ज्या शहरात या धंद्याची सगळ्यात मोठी गादी, तिथे बायका दिसत नव्हत्या त्या कायद्यामुळे.

आपल्याकडचं उदाहरण हमिदा बानूचं. १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं आणि त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिनला मिनिटाच्या आत. पुण्यात रामचंद्र साळुंकेशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचं उत्तर असं, की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, तर आयोजक तिच्यासमोर डमी उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांत मिलीभगतीचा संशय तेव्हा पुरुषांच्या जोडींवरही घेतला जायचा. बंदीसाठी तो कामी आला हमिदाच्या बाबतीत.

“आधीच्या मुलींना काही येत नव्हतं.”

त्यांना मिनिटं मिळत नव्हती, हे खरं कारण. डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’ या साप्ताहिक टीव्ही कार्यक्रमात २३ फेब्रुवारी २०१५ला बेला बहिणी विरुद्ध पेज आणि एमा ही टॅग मॅच साधारण ३० सेकंदांत संपली. कार्यक्रम तीन तासांचा! त्या रात्री ‘डिवाजना संधी द्या’ हा हॅशटॅग ट्रेंड झाला, तो यावरून (महिला रेसलरना कंपनी तेव्हा ‘डिवा’ म्हणायची).

रेसलिंगची मॅच टप्प्याटप्प्याने रचतात. आधी पकड आणि चाचपणी, मग लोकांच्या लाडक्या खेळाडूची सरशी, त्यानंतर खलनायकाने घातलेला घाव, मग बराच वेळ पायाखाली तुडवलं जाणं, तिथून उसळी आणि शेवटी फिनिश. तुडवण्याच्या टप्प्याला वेळ दिला नाही तर उसळीला टाळ्या पडत नाहीत. लोकांना काळजीच वाटलेली नसते, तर सुटका कसली वाटणार? हे सगळं बसवायला किमान आठ-दहा मिनिटं हवीत. ३० सेकंदांत दोन डाव आणि एक पिन (खांदे टेकवून तीनपर्यंतची गिनती) होते, तेवढीच.

वेळ दिल्यावर काय होतं हे त्याच वर्षी दिसलं. ७ ऑक्टोबर २०१५ला एनएक्सटी या डब्ल्यूडब्ल्यूईच्याच नव्या खेळाडूंच्या शोमध्ये बेली आणि साशा बँक्स यांची ३० मिनिटांची आयर्नमॅन मॅच (ठरलेल्या वेळेत जास्त फॉल घेईल ती जिंकते) मुख्य लढत म्हणून झाली. बेली ३-२ने जिंकली. फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढ्या काळात अख्ख्या स्त्रीजातीला रेसलिंग यायला लागली असं मानायचं असेल तर खुशाल माना.

आणि मिळालेलं काढूनही घेतलं गेलंय. १९८४मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत (तेव्हाची डब्ल्यूडब्ल्यूएफ) वेंडी रिक्टरने मूलाला हरवलं, तेव्हा ती मॅच एमटीव्हीवर दाखवली गेली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मूला मुखवटा घालून ‘स्पायडर लेडी’ म्हणून आली आणि रिक्टरला न सांगता घाईघाईच्या तीनच्या गिनतीवर पट्टा काढून घेतला गेला. डिसेंबर १९९५मध्ये त्याच कंपनीची विजेती अलंड्रा ब्लेझ हिला नोकरीवरून काढलं. तिने स्पर्धक वाहिनीवर जाऊन पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो किताब १९९८पर्यंत बंदच होता. २०१५ची ‘क्रांती’ म्हणजे बंद केलेलं दुकान उघडणं होतं.

“त्यांना पुरुषांसारखं आपटावं लागत नाही.”

रिंग तीच असते. लोखंडी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या, फोमचा पातळ थर आणि वर ताणलेला कॅनव्हास. बायकांसाठी जाड गादी घालत नाहीत.

पाठीवर पडणं, म्हणजे बॅक बंप, सगळ्यात आधी शिकवतात. गुडघे वाकवून खाली यायचं, हनुवटी छातीला लावायची, दात मिटायचे. खांद्यांच्या पात्यांचा भाग आधी टेकेल असं मागे जायचं. त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून ४५ अंशांच्या आसपास, तळवे खाली करून सपाट आपटायचे आणि श्वास सोडायचा. हनुवटी सुटली की डोकं मागे आदळतं. हात किंवा कोपर टेकवून सावरायला गेलं की मनगट नाहीतर खांदा जातो. मोकळे लांब केस समोरचीच्या किंवा स्वतःच्याच हाताखाली अडकले, तर पडताना मानेला हिसका बसून हनुवटीची पकड सुटते. ही अडचण मुलींना जास्त.

सुप्लेक्समध्ये, म्हणजे समोरचीला उचलून मागे आपटण्याच्या डावात, उचलणारी एकटी उचलत नाही. उचलली जाणारी उडी मारते, समोरचीच्या कमरेला हात लावून वजन वर ढकलते आणि पोट-पाठ ताठ ठेवते. उडी अर्धवट झाली तर दोघीही डोक्यावर येऊ शकतात. पुरुषांच्या सुप्लेक्सचं गणित याहून वेगळं नाही.

आता चुकल्यावर काय होतं ते पाहा. ६ डिसेंबर २००४ला ट्रिश स्ट्रेटस विरुद्ध लिटा ही रॉची मुख्य लढत होती. लिटाने दोरांमधून बाहेर सूर मारला, अंग गरजेपेक्षा जास्त फिरलं आणि ती मान-डोक्यावर पडली. तिने उठून मॅच पूर्ण केली आणि किताब जिंकला. डिसेंबर २०१७मध्ये टीव्हीवर न दाखवल्या जाणाऱ्या एका शोमध्ये पेजच्या पाठीत लाथ बसली, मानेला इजा झाली आणि २०१८मध्ये वयाच्या पंचविशीत तिने निवृत्ती जाहीर केली. ती परतली २०२२मध्ये, दुसऱ्या कंपनीत. १२ नोव्हेंबर २०१८ला नाया जॅक्सचा ठोसा आवरला गेला नाही, बेकी लिंचचं नाक फुटलं, मेंदूला धक्का बसला आणि तिची रोंडा राउझीबरोबर ठरलेली मोठी मॅच रद्द झाली. २०२१च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये, बियांका बेलेअरने वेणीचा फटका मारला, त्याचा कडाका स्टेडियमभर ऐकू गेला. साशाच्या बरगडीवर उठलेला वळ कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतो.

“तिकीट खपत नाही.”

ऑल जपानच्या क्रश गॅल्सना, म्हणजे चिगुसा नागायो आणि लायनेस असुका यांना, १९८०च्या दशकात शाळकरी मुलींनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. २८ ऑगस्ट १९८५ला ओसाकात डंप मात्सुमोतोकडून हरून नागायोचं रिंगमध्येच मुंडण झालं, तेव्हा प्रेक्षागृह रडत होतं. २० नोव्हेंबर १९९४ला तर टोकियो डोममध्ये महिलांच्या रेसलिंगचा तेवीस मॅचेसचा कार्यक्रम झाला. ७ एप्रिल २०१९च्या रेसलमेनियाचा शेवट बेकी, राउझी आणि शार्लट फ्लेअर यांच्या लढतीने झाला. डब्ल्यूडब्ल्यूईने जाहीर केलेली उपस्थिती ८२,२६५. जाहीर आकडे फुगवलेले असतात हे मान्य, पण पुरुषांचेही तसेच फुगवतात.

“आता बरोबरी झाली.”

एप्रिल २०१८च्या, सौदी अरेबियातल्या जेद्दाहमधल्या डब्ल्यूडब्ल्यूई शोमध्ये एकाही महिलेची मॅच नव्हती. सौदीत पहिली झाली ३१ ऑक्टोबर २०१९ला रियाधमध्ये, नटाल्या विरुद्ध लेसी इव्हान्स, दोघीही गळ्यापासून पायापर्यंत झाकलेल्या. हरियाणाच्या कविता दलालने २०१७च्या ‘मे यंग क्लासिक’ या डब्ल्यूडब्ल्यूईच्या महिला स्पर्धेत सलवार-कमीज घातली होती. ती तिची ओळख होती. रियाधमधला पोशाख ही यजमानांची अट. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

फक्त महिलांचा ‘इव्होल्यूशन’ शो २०१८मध्ये झाला आणि दुसरा थेट जुलै २०२५मध्ये. रेसलमेनियाची शेवटची मॅच २०२५पर्यंत महिलांना दोनदाच मिळाली, २०१९ आणि २०२१ला. दुसऱ्या खेपेला तर कार्यक्रम दोन रात्रींचा होता आणि त्यांच्या वाट्याला पहिली रात्र आली.

ज्यांना पटत नाही त्यांनी या आठवड्याचा रॉ लावावा. एन्ट्री, जाहिराती आणि माइकवरची भाषणं सोडून, घंटा ते घंटा अशी महिलांच्या मॅचेसची मिनिटं मोजावीत, मग पुरुषांची. दोन्ही बेरजा शेजारी लिहून त्या मजकुराखाली चिकटवाव्यात.