फ्रान्सला वडिलांचं गाव, मोरोक्कोला जन्मदाखला

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. आशय असा: 2018 चा चषक फ्रान्सनं नव्हे, आफ्रिकेनं जिंकला; 2022 मध्ये उपांत्य फेरी गाठणारा मोरोक्को म्हणजे युरोपातली उसनी पोरं; पूर्वी देशाची पोरं देशासाठी खेळायची, आता पासपोर्ट हातात ठेवला की कुणीही कुणाचाही.

यातली पहिली दोन विधानं एकमेकांशेजारी ठेवून वाचा. गंमत तिथेच आहे.

फ्रान्सच्या 2018 च्या 23 जणांत फ्रान्सबाहेर जन्मलेले दोनच होते: उमटिटी कॅमेरूनमध्ये आणि मांदांदा काँगोतल्या किन्शासात. दोघंही लहानपणीच फ्रान्सला आलेले. एम्बापे तर पॅरिसमध्ये जन्मला आणि लगतच्या बाँदीत वाढला. तरी तो ‘आफ्रिकेचा’, कारण वडील कॅमेरूनचे आणि आईचं घराणं अल्जीरियाचं. ठीक, मूळ बघायचं म्हणता तर बघू. मोरोक्कोच्या 2022 च्या 26 पैकी 14 जण देशाबाहेर जन्मलेले. हकिमी माद्रिदचा, झियेश आणि अमराबात नेदरलँड्सचे, गोलरक्षक बुनू कॅनडातल्या माँट्रियालचा, आणि प्रशिक्षक रेग्रागीसुद्धा फ्रान्समध्ये जन्मलेले. पण घराणी मोरोक्कोचीच. म्हणजे एम्बापेला लावलेल्या कसोटीवर हा संघ अस्सल मोरोक्कन ठरायला हवा. तिथे मात्र मजकूरवाले जन्मदाखला मागतात! दोन्ही संघांना ‘बाहेरचे’ ठरवायचंच, हे आधी ठरलेलं. फूटपट्टी नंतर शोधलेली.

पोग्बांच्या घरात तर ही फूटपट्टी मोडूनच पडते. पॉल फ्रान्समध्ये जन्मला, फ्रान्सकडून विश्वविजेता झाला. त्याचे थोरले जुळे भाऊ जन्मले गिनीत आणि खेळले गिनीकडून. बोआटेंग भाऊ दोघंही बर्लिनचे. 2010 च्या विश्वचषकात जेरोम जर्मनीकडून आणि केव्हिन-प्रिन्स घानाकडून समोरासमोर उभे राहिले. यातला ‘उसना’ कोण, ते मजकूरवाल्यांनी सांगावं.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे तर उलटंच आहे. लुईस माँटी 1930 चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून हरला आणि 1934 चा इटलीकडून जिंकला. पुश्काश 1954 मध्ये हंगेरीकडून, 1962 मध्ये स्पेनकडून. अल्ताफिनी 1958 मध्ये ब्राझीलच्या विजेत्या संघात, पुढच्याच विश्वचषकात इटलीकडून. आज असं करता येत नाही. एखादा खेळाडू एका देशाकडून विश्वचषकात उतरला की तो त्या देशाचा झाला.

पासपोर्टच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. 2004 मध्ये कतारनं आइल्टनसारख्या, देशाशी काही नातं नसलेल्या ब्राझिलियन खेळाडूंना आपल्याकडे ओढायचा घाट घातला होता. पण फुटबॉलची जागतिक संघटना फीफानं तो त्याच वर्षी हाणून पाडला. जन्म तिथला नाही, आईवडील किंवा आजीआजोबांपैकीही कुणी तिथलं नाही, तर त्या देशात राहिल्याचा पुरावा हवा, असा नियम आला. आधी दोन वर्षं, मग 2008 ते 2020 या काळात अठरा वर्षांनंतरची सलग पाच वर्षं. नुसत्या पासपोर्टवर भागत नाही.

भागत नाही म्हणजे किती, ते मुनीर एल हद्दादीला विचारा. जन्म स्पेनचा, वडील मोरोक्कोचे. सप्टेंबर 2014 मध्ये मॅसेडोनियाविरुद्ध स्पेनकडून शेवटची तेरा-एक मिनिटं बदली म्हणून खेळला. स्पेननं त्याला पुन्हा मैदानात उतरवलं नाही. 2018 च्या विश्वचषकासाठी मोरोक्कोला तो हवा होता, त्यालाही जायचं होतं. पण तेव्हा एक अधिकृत सामनाही खेळाडूला बांधून ठेवायला पुरेसा होता. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि तिथेही नकारच मिळाला. 2020 मध्ये नियम सैल झाला: एकविशीच्या आत तीनपर्यंतच अधिकृत सामने खेळलेल्याला, काही अटींवर, देश बदलता येऊ लागला. 2021 मध्ये मुनीर मोरोक्कोकडून खेळला. पण 2022 च्या त्या गाजलेल्या 26 जणांत त्याचं नाव नव्हतं.