तोट्यावरचा कर: नैरोबीतून एक हिशेब

दर अर्थसंकल्पानंतर घरच्या व्हॉट्सॲप गटांत तीच चीड उमटते. पगारदाराचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो आणि धंदेवाले वर्षानुवर्षं तोटा दाखवून मोकळे राहतात. मग कुणीतरी उपाय सुचवतं: नफातोटा बघूच नका, उलाढालीवर सरळ एक टक्का घ्या. महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. अर्थक्रांती या संस्थेने मांडलेला बँक व्यवहार करही खात्यात जमा होणाऱ्या रकमेवरच आहे, तिथेही नफ्याचा प्रश्न येत नाही.

चीड रास्त आहे. उपायाला मात्र माझा ठाम विरोध आहे. मी राहतो त्या केनियाने हे करून पाहिलं आहे.

२०२० च्या वित्त कायद्याने इथे किमान कर आणला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला. दर एकूण उलाढालीच्या १ टक्का. नेहमीच्या प्राप्तिकराचा हप्ता त्याहून कमी बसत असेल, तर हा एक टक्का भरायचा. वर्षभर तोटा झाला असला तरी सुटका नाही. विमा, खाणकाम असे काही धंदे तेवढे वगळले होते.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण समजा, एका घाऊक किराणा व्यापाऱ्याची उलाढाल १० कोटी शिलिंग आहे आणि सगळा खर्च जाऊन हातात अर्धा टक्का, म्हणजे ५ लाख उरतात. कंपनीकर ३० टक्के, म्हणून एरवी तो दीड लाख भरेल. किमान कर होतो १० लाख. अख्ख्या नफ्याच्या दुप्पट! ज्याचा नफा उलाढालीच्या सव्वातीन-साडेतीन टक्क्यांच्या खाली, त्या प्रत्येकाला हा कर नेहमीच्या करापेक्षा जड जातो. उलट वीस टक्के नफा कमावणाऱ्या सल्लागार कंपनीला तो जाणवतही नाही. कर चुकवणारा आणि खरोखर बुडत चाललेला, दोघांना एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं. नवा उद्योग पहिली दोन-तीन वर्षं तोट्यातच असतो, त्याने हा पैसा भांडवलातूनच काढायचा.

नैरोबीजवळच्या किटेंगेला गावातल्या बारमालकांची संघटना माचाकोसच्या उच्च न्यायालयात गेली. २० सप्टेंबर २०२१ ला न्यायमूर्ती ओडुंगा यांनी हा कर घटनाबाह्य ठरवला: प्राप्तिकर हा लाभावरचा कर, तो ढोबळ उलाढालीवर बसवता येणार नाही, आणि कराचा भार न्याय्य वाटला जावा असं घटनेचं कलम २०१ सांगतं. डिसेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

आपल्याकडे भारतात छोट्या धंद्यांसाठी प्राप्तिकराची ४४एडी म्हणून ओळखली जाणारी योजना यापेक्षा शहाणी आहे, कारण ती ऐच्छिक आहे. उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल जमेवर ६ टक्के नफा धरायचा आणि त्यावर आपापल्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा. नफा खरंच कमी असेल तर वह्या दाखवता येतात. पण एकदा या योजनेत आल्यावर तीन-चार टक्क्यांवर दुकान चालवणाऱ्या वाण्याला उत्पन्न करपात्र मर्यादेवर गेलं की पुढच्या वर्षांत कमी नफा दाखवण्यासाठी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. त्याची फी आणि दगदग टाळायला तो न कमावलेला नफाही कबूल करतो. ऐच्छिक योजनाही अशी हळूहळू सक्तीची होते, आणि याबद्दल घरच्या चर्चेत कुणी चकार शब्द काढत नाही.

व्यापाऱ्यांनी कर भरावा, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यासाठी आधी त्या योजनेत किराणा, औषधं, सेवा यांना नफ्याच्या प्रमाणात वेगवेगळे दर ठरवा, आणि कमी नफा दाखवणाऱ्या छोट्या दुकानदाराला बिलं नि बँकेचा उतारा पुरावा म्हणून पुरेसा माना. मोठ्या कंपन्या सलग तोटा दाखवत असतील तर त्यांची पुस्तकं तपासायला अधिकारी नेमा. ते काम कष्टाचं आहे, म्हणून त्याचा भार वाण्याच्या गल्ल्यावर टाकू नका.